कला एका खोलीत मावत नाही

३ सप्टेंबर, मंगळवार

शाळा उघडली. गुडघ्यांना हे परवापासूनच कळलं होतं.

सकाळी स्टाफ मीटिंग. मुख्याध्यापिका ट्रेंबाथबाई उन्हाळ्यात कुठलं तरी शिबिर करून आल्या आहेत, त्यामुळे सगळ्यांना जमिनीवर गोल बसवलं. मग हळूच मुद्द्यावर आल्या. वाचनात मागे पडणाऱ्या मुलांसाठी पुढच्या वर्षी स्वतंत्र खोली लागणार आहे. नवी बांधणं काही होत नाही. तेव्हा आहेत त्याच खोल्यांचा फेरविचार करायचा. ज्या खोलीचा सगळ्या विषयांना उपयोग होतो असं मे महिन्यापर्यंत दिसेल, ती राहील. हे बोलताना बाई खिडकीबाहेर बघत होत्या. बाकीचे सगळे माझ्याकडे बघत होते.

माझी चित्रकलेची खोली. उत्तरेच्या मोठ्या खिडक्या, मातीकामाच्या भट्टीची कोठडी आणि अख्ख्या कॉपर फोर्क गावात नसेल असं खोल दुहेरी सिंक. बावीस वर्षं मी त्या सिंकमध्ये ब्रश धुतोय. ती खोली घेणार? माझी?

मी गप्प बसणारा माणूस नव्हे. उठलो. (उठायला जरा वेळ लागला, जमिनीवरून होतं.) म्हणालो, कला एका खोलीत मावत नाही! तिला गणितात न्या, विज्ञानात न्या, भूगोलात न्या, मग बघा मुलं कशी शिकतात!

टाळ्या पडल्या नाहीत. भारावले असणार.

४ सप्टेंबर, बुधवार

संकल्प. यंदा कला आणि बाकीचे विषय यांचा समन्वय करून दाखवायचाच. ही रोजनिशी रोज लिहायची, वर्षाअखेर हिच्यातून एक दणदणीत लेख निघेल, कलाशिक्षकांच्या त्रैमासिकाला पाठवायचा. स्टाफरूममधले डोनट बंद. चिडायचं नाही.

डोनट उद्यापासून. आज नव्या सेक्रेटरीनं आणले होते, नाही म्हणणं बरं दिसलं नसतं.

१६ सप्टेंबर, सोमवार

मध्ये लिहायला जमलं नाही. सर्दी होती. पहिलीतल्या मुलांची, मला दिलेली.

आज योजना मांडली. तक्ता केला होता. मधोमध सूर्य, सूर्यात कला, किरणांवर बाकीचे विषय. नियम अगदी साधा. आजवर वर्गशिक्षिका मुलांना माझ्या दारात सोडायची आणि पसार व्हायची. यापुढे तिनं थांबायचं. तिनं गणित बघायचं, मी रंग बघायचे. दोघांनी मिळून शिकवायचं.

एवढी शांतता पसरली की कोणीतरी बिस्किट मोडलं ते ऐकू आलं. मग पाचवीच्या जोडी पेल्टोलानं विचारलं, म्हणजे आमचा मोकळा तास गेला? म्हटलं, गेला कसला, आता तो भरलेला तास होणार. ती म्हणाली, आर्व्हिड, त्या तासात मी बाथरूमला जाते रे. सकाळपासून थांबलेली असते.

सगळे खूप हसले. वातावरण खेळीमेळीचं आहे. सुरुवात उत्तम.

१९ सप्टेंबर, गुरुवार

जेवायला स्टाफरूममध्ये गेलो तर चिटपाखरू नाही. कालही नव्हतं. लागले कामाला बिचारे, म्हटलं.

एल्रॉय झाडलोट करत आला. शाळेची सगळी देखभाल त्याच्याकडे, आणि सगळ्या बातम्याही. म्हणाला, कामाला कसले लागतात, माझ्या बॉयलरच्या खोलीत बसून सँडविच खातायत. आर्व्हिड येताना दिसला की सांग म्हणून मला दारात उभं केलं होतं. मी विचारलं, मग तू इथे काय करतोयस? तर म्हणतो, तिथे फार उकडतं.

नोंद: बॉयलरची खोली चांगली ऐसपैस आहे. समन्वयाची पुढची बैठक तिथेच घ्यावी.

७ ऑक्टोबर, सोमवार

समन्वयाचा पहिला प्रयोग. दुसरीचा वर्ग, अपूर्णांक.

भल्यामोठ्या कागदावर पास्टी काढली, इथल्या घराघरांत होते ती भाजलेली करंजी. खिमा-बटाट्यानं फुगलेली, कडा दुमडलेली, तोंडाला पाणी सुटावं अशी. मुलांनी तिचे अर्धे, पाव भाग करून रंगवायचे. इथवर ठीक होतं. मग एक मुलगा म्हणाला, केचप कुठंय? दुसरा म्हणाला, पास्टीवर केचप घालतात ती माणसं इथली नव्हेतच, ग्रेव्ही घालतात. एक मुलगी रडायला लागली, तिची आजी केचप घालते आणि आजी इथलीच आहे. बघता बघता केचपवाले खिडकीकडे आणि ग्रेव्हीवाले सिंककडे. तांबडा रंग उडाला, मागोमाग तपकिरी उडाला. माझा शर्ट दोन्ही पक्षांचा.

तरी वर्गाचे बरोबर दोन भाग झाले. म्हणजे एक द्वितीयांश कळलं, असं म्हणायला हरकत नाही.

त्यांच्या बाई काही थांबल्या नाहीत. आत्ता येते म्हणून बाथरूमला गेल्या त्या तास संपल्यावर आल्या. तब्येतीची चौकशी करायला हवी.

१५ नोव्हेंबर, शुक्रवार

हरणाच्या शिकारीचा पहिला दिवस, शाळेला सुटी. अख्खा गाव नारिंगी जाकिटं घालून जंगलात. पहाटे मेहुणा टॉयव्हो दारात येऊन ओरडून गेला, येतोस का, का घरी बसून हरणाचं चित्र काढणार? मी पांघरूण डोक्यावर ओढलं. माणसानं आपली पातळी सोडू नये.

मला दिवसभर लेख लिहायचा होता. शीर्षक छान जमलं. नंतर सोफ्यावर जरा टेकलो.

जाग आली तेव्हा अंधार पडला होता आणि व्हर्ना सूप गरम करत होती. विचारलंन, खोली गेली तर रे? म्हटलं, जात नाही. ती म्हणाली, पण समजा. म्हटलं, माझी बायको असून तू समजा म्हणतेस? ती म्हणाली, बायको आहे म्हणूनच म्हणते, तू झोपेत सिंक, सिंक करत होतास.

मला भीती वगैरे काही वाटत नाही. सूपमध्ये मीठ कमी होतं.

९ डिसेंबर, सोमवार

सापडलं! आंघोळ करताना सापडलं.

आपली फोर्क नदी! मिलच्या पुलापासून थेट तलावापर्यंत. मातीच्या टाइल्सवर. पाचवीच्या प्रत्येक मुलाची एक टाइल, प्रत्येक टाइलवर नदीचा एक तुकडा, आणि सगळे तुकडे ओळीनं लागले की ऑफिसच्या दारापासून जिमच्या दारापर्यंत नदी वाहतेय. टाइल मोजून कापायची, हे गणित. नदी हा भूगोल. माती आणि भट्टी हे विज्ञान. जुनी मिल हा इतिहास. एका दगडात किती पक्षी, मोजा.

पाचवीचा वर्ग जोडीचा. तिला सांगितलं. तिनं हातातल्या वह्या खाली ठेवल्या. मग म्हणाली, आर्व्हिड, माझ्या वर्गाला टक्केवारी काही केल्या कळत नाहीये, मी आता काहीही करून बघायला तयार आहे. नदी तर नदी.

बघा. विचाराची ताकद असते ती अशी. ट्रेंबाथबाईही म्हणाल्या, मेमधल्या पालक-संध्येला जिल्ह्याचे शिक्षणप्रमुख येणार आहेत, त्यांना हीच भिंत दाखवू, खोलीचं तेव्हाच ठरेल.

म्हणजे ठरल्यातच जमा.

१४ जानेवारी, मंगळवार

बर्फामुळे शाळा बंद. छपरावरचा बर्फ काढायला शिडी लावली. चढलो नाही. टॉयव्होचा पोरगा येऊन काढून गेला.

एल्रॉयनं भिंतीवर लाकडी चौकट ठोकली आहे, अगदी मापात. एका टोकाला पूल, दुसऱ्या टोकाला तलाव. तलाव मी नाताळच्या सुटीतच भिंतीवर रंगवून टाकला. निळ्यात निळा मिसळून काय सुंदर झालाय. आता फक्त नदीनं यायचं बाकी.

३ फेब्रुवारी, सोमवार

टाइल्स कापल्या. दहा इंच बाय दहा इंच, फुटपट्टी लावून. मी प्रत्येकाच्या मागे उभा राहून तपासत होतो. एकानं जराशी तिरकी कापली, परत लाटायला लावली. तो म्हणाला, मिस्टर लाहती, चित्रकलेच्या तासाला मापं कोण बघतं? म्हटलं, बाळा, इथे आता चित्रकलेचा तास राहिलेला नाही, इथे समन्वय आहे. तो म्हणाला, मग चित्रकला कधी आहे?

टिल्डा नावाची एक मुलगी आहे, दोन वेण्या आणि शंकांचं पोतं. तिच्याकडे शेवटची टाइल आली, नदीच्या मुखाची. विचारते, माझी टाइल तलावाला नक्की लागणार ना? म्हटलं, सूतभरही फरक पडणार नाही. माझा शब्द आहे.

जोडी तासभर थांबली होती! वर्षातली पहिलीच वर्गशिक्षिका. वह्या तपासत होती, पण थांबली.

२० फेब्रुवारी, गुरुवार

टाइल्स वाळल्या. पहिलं भाजणं झालं. ग्लेझचा चकचकीत लेप लावून आता दुसरं. भट्टी महिनाभर अडकणार असल्यामुळे बालवाडीची मातीची कासवं रांगेत पडून आहेत, त्यांच्या बाई रोज येऊन कासवांची चौकशी करतात. मोठ्या कामात छोटी कामं थोडी मागे पडायचीच.

खोक्यात भरताना टाइल्स जरा लहान वाटल्या. चष्म्याचा नंबर वाढला असणार. वेळ काढून दाखवायला हवा.

११ मार्च, मंगळवार

भट्टी उघडली. एकही टाइल फुटली नाही! निळा असा उतरलाय की माझ्याच डोळ्यांत पाणी आलं. आत्तापर्यंत मी काय केलं असं कोणी विचारलं तर हे दाखवावं.

संध्याकाळी एकटाच चौकटीत लावायला बसलो. पुलापासून सुरुवात केली. एकाला एक चिकटवून लावत गेलो. शेवटची, टिल्डाची टाइल लावली, आणि तलाव अजून लांब होता. चांगला अडीच फूट. वरच्या बाजूलाही सगळीकडे फट.

एल्रॉयनं चौकट मोठी केली! एवढं माप देऊनसुद्धा! त्याला बोलावून चांगला झाडला. तो म्हणाला, उद्या टेप आणतो. म्हटलं, टेप काय आणतोस, आधीच आणायची होतीस.

चिडायचं नाही हा संकल्प होता. पण हे चिडणं वेगळं, हे रास्त आहे.

१२ मार्च, बुधवार

एल्रॉयनं टेप आणली. चौकट बरोबर आहे.

मग त्यानं टाइलला टेप लावली आणि माझ्यासमोर धरली. पावणेनऊ इंचांच्या जरा वर.

माझ्या खोलीत सिंकच्या वर एक तक्ता आहे. मी नोकरीला लागलो त्या वर्षी स्वतः लिहिलेला. त्यावर लाल अक्षरात आहे, लक्षात ठेवा, माती आकसते. बावीस वर्षं प्रत्येक वर्गाला हे मी ओरडून सांगितलंय. कपाचं काय, थोडा लहान झाला तरी कप कपच राहतो. नदीचं तसं नसतं, हे कुणाच्या लक्षात येणार?

फटी सोडून लावून पाहिल्या. नदी जागोजागी तुटते. नव्या टाइल्स करायच्या तर यंदाची सगळी माती ह्यातच संपली.

घरी गेलो. व्हर्नानं काय झालं विचारलं. म्हटलं, काही नाही, थकलोय. हे मात्र खरं होतं. कोटसुद्धा न काढता बसून राहिलो.

१३ मार्च, गुरुवार

रात्री नीट विचार केला. हे अपयश नव्हेच. प्रयोगात असं होतं.

जोडीनं भिंत पाहिली. आधी गंभीर राहायचा प्रयत्न केला तिनं. मग हसू फुटलं ते थांबेना, भिंतीला पाठ लावून खाली बसली आणि डोळे पुसत राहिली. म्हणाली, अरे देवा, आर्व्हिड, तुला बावीस वर्षं झाली ना?

मग एकदम उठली. म्हणाली, ह्या टाइल्स मी वर्गात नेऊ का? म्हटलं, ने. मीही येतो. ती म्हणाली, नको, तुला तिसरीचा तास आहे ना, मी बघते.

टिल्डा जिन्यापाशी भेटली. माझ्याकडे बघून वेण्या मागे टाकल्या आणि निघून गेली. बोलली असती तर बरं झालं असतं.

२० मार्च, गुरुवार

जोडीच्या वर्गात गेला आठवडाभर टाइल्सच चालू आहेत. कच्ची केवढी, भाजलेली केवढी, घट किती, घट किती टक्के. बारा निघाले. मग प्रश्न, दहा इंचाची हवी असेल तर कापायची केवढी? अर्धा वर्ग म्हणतो, बारा टक्के घटते ना, मग बारा टक्के वाढवून कापा. टिल्डा ओरडतेय, अरे मूर्खांनो, वाढवलेल्या भागाचेही बारा टक्के जाणार! मारामारीची वेळ आली होती. टक्केवारीवरून!

मला दोन्ही बाजू बरोबर वाटल्या. हे सगळं मी दाराच्या काचेतून पाहिलं. मला आनंद झाला, खरंच झाला. पद्धत माझीच आहे शेवटी. आत या असं कोणी म्हटलं नाही, पण धडा रंगात आला असताना कोण म्हणणार.

एल्रॉयची माफी मागायची राहिली आहे. उद्या.

१७ एप्रिल, गुरुवार

वार्षिक चाचण्या. चित्रकला आठवडाभर बंद, माझ्या खोलीत जास्त वेळ लागणारी मुलं वेगळी बसवली. ट्रेंबाथबाई डोकावून म्हणाल्या, किती शांत खोली आहे हो ही, उजेडही किती छान. म्हटलं, आहेच. आता तरी किंमत कळतेय त्यांना.

८ मेसाठी भाषण लिहितोय. व्हर्नाला वाचून दाखवलं. म्हणाली, समन्वय हा शब्द फार वेळा आलाय. काही ठिकाणी काढला, तिथे एकात्मता घातलं.

८ मे, गुरुवार

विजय! विजय! बूटसुद्धा न काढता लिहितोय.

पालक, शाळेच्या बोर्डाची माणसं, शिक्षणप्रमुख, सगळे भिंतीसमोर. मला वाटलं होतं रिकाम्या अडीच फुटांपुढे एखादी कुंडी ठेवावी. मुलांनी ठेवू दिली नाही. त्यांनी तिथे मोठा कागद लावला होता, त्यावर सगळं गणित. टिल्डा पुढे येऊन म्हणाली, आमची नदी तलावाला मिळत नाही, कारण माती बारा टक्के आकसते आणि हे आम्ही आधी मोजलं नव्हतं. दहा इंचाची हवी असेल तर अकरा आणि एक तृतीयांशाच्या थोडं वर कापा. अकरा पूर्णांक दोनची कापलीत तर फसाल, आमचे अर्धे फसले होते.

लोक खदखदून हसले. शिक्षणप्रमुखांनी स्वतः खिशातून पेन काढून कागदावर हिशेब करून पाहिला आणि मान डोलावली. एका बापानं मागून विचारलं, आणि हे सगळं चित्रकलेत? मुलं म्हणाली, नाही, आमच्या वर्गात.

मग मी बोललो. कागद खिशातच ठेवला. म्हणालो, मित्रांनो, बघितलंत? कला एका खोलीत मावत नाही! ती वर्गावर्गात गेली पाहिजे, बाकांपर्यंत गेली पाहिजे! तिला चार भिंतींत कोंडू नका!

काय टाळ्या! ट्रेंबाथबाईंनी डोळे टिपले. शिक्षणप्रमुखांनी माझं वाक्य लिहून घेतलं, मी पाहिलं. खोली वाचली. वाचलीच.

गाडीत व्हर्ना पर्स उघडून मिटत होती. मग म्हणाली, आर्व्हिड, तू काय बोललास ते तू ऐकलंस का? म्हटलं, ऐकलं की. मला वाटतं तिलाही भरून आलं होतं.

घरी येऊन दोन डोनट खाल्ले. आजचा दिवस अपवाद.

२० मे, मंगळवार

ट्रेंबाथबाईंनी बोलावलं. दार लावून घेतलं. चेहरा असा फुललेला की मला वाटलं, सत्कारच आहे.

म्हणाल्या, आर्व्हिड, तुम्ही आम्हां सगळ्यांना पटवून दिलंत. वर्षातला सर्वात उत्तम कलेचा धडा कुठे झाला? जोडीच्या वर्गात. बाकांवर. बोर्डाला मी तुमचंच वाक्य वाचून दाखवलं, एकमतानं पास झालं. पुढच्या वर्षापासून चित्रकला वर्गावर्गात जाणार. तुमच्यासाठी ट्रॉली मागवली आहे, तीन कप्प्यांची, चाकांना ब्रेक आहे. साधी नाही घेतली, तुमच्यासाठी चांगली घेतली.

आणि माझी खोली, मी विचारलं. त्या म्हणाल्या, ती वाचनाला दिली. उजेड किती छान आहे तिथे!

त्या खोटं बोलत नव्हत्या. माझ्यासाठी त्यांना मनापासून आनंद झाला होता. हात पुढे केला. मी हातात हात दिला आणि थँक यू म्हणालो. का म्हणालो? घरी येईपर्यंत हेच विचारत होतो स्वतःला. मला ओरडायचं होतं. मला ती खोली हवी आहे. बाकी काही नको होतं, समन्वय नको, लेख नको, ती खोली हवी होती.

व्हर्नाला सांगितलं. तिनं मी सांगितलं होतं असं म्हटलं नाही. पाठीवर हात ठेवून बसली.

६ जून, शुक्रवार

खोली रिकामी केली. एल्रॉयनं मदत केली. कपाटं जिमच्या कोठारात, भट्टी तिथेच राहील पण कोठडीला कुलूप. बालवाडीची कासवं शेवटी भाजलीच नाहीत, कच्चीच घरी पाठवली. एकाचं डोकं हातात आलं.

सिंकवरचा तो मातीबद्दलचा तक्ता काढताना एल्रॉय म्हणाला, हा घरी नेतोस का? म्हटलं, टाक. मग परत मागून घेतला.

त्याला म्हणालो, मार्चमध्ये तुला उगाच बोललो रे, चौकटीवरून. तो म्हणाला, सोड रे. पण तुझ्या ट्रॉलीला घंटी लावून देऊ का? आइस्क्रीमवाल्याची असते तशी. पोरं धावत येतील.

नको म्हटलं. चांगली कल्पना होती खरं तर.

२ सप्टेंबर, मंगळवार

शाळा उघडली.

उन्हाळ्यात विचार केला होता, ट्रॉली ही संधी आहे. आता मी वर्गात जाणार म्हणजे बाई आयत्याच वर्गात सापडणार, म्हणजे दोघांनी मिळून शिकवणं आपोआप होणार. नवा तक्ताही केला होता. सूर्याला चाकं काढली होती.

पहिलीच्या दारात ट्रॉली नेली. पुढचं डावं चाक उंबऱ्याला अडलं, कागद सांडले. मी वाकून गोळा करतोय तोवर बाई माझ्यावरून पाय टाकून बाहेर. म्हणाली, बरं झालं आलास आर्व्हिड, मी बाथरूमला जाऊन येते. आली तास संपल्यावर.

दुसरीतही तसंच. तिसरीतही.

जलरंग काढले आणि लक्षात आलं, पाणी नाही. वर्गात नळ नाही. मुलांच्या बाथरूमचा नळ हात काढला की बंद पडतो, बादली काही त्याच्याखाली जात नाही. बादली जाईल असं सिंक शाळेत एकच.

दार वाजवलं. माझंच दार. वाचनाच्या नव्या बाईंनी अर्धं उघडलं. तरुण आहे, बोलणं गोड. मागे गालिचा, उशा, पोटावर पालथी पडून वाचणारी मुलं, उत्तरेचा उजेड त्यांच्या पुस्तकांवर. सिंकवर फळी टाकून त्यावर झाडं मांडली आहेत. छान दिसत होती. ती हळूच म्हणाली, मुलं वाचतायत, तास संपल्यावर येता का? आणि मग, माफ करा, आपण कोण?

चित्रकलेचा, म्हटलं.

अय्या, ती नदी तुमची! म्हणाली. रोज बघते मी येताजाता. इतकी सुंदर आहे. पण तलावापर्यंत का नाही हो नेलीत?

म्हटलं, काम चालू आहे.

ती हसली, दार लावून घेतलं. वर्गात परत गेलो. सगळ्यांनी ब्रश कोरडे धरले होते. एकानं थुंकी लावून निळ्यानं रंगवायला सुरुवात केली होती, ते बघून बाकीच्यांनीही केली. मी कोणाला थांबवलं नाही.

उद्यापासून पाणी घरून न्यायचं.